खळीनं चिकटवलेलं पाकीट

सर, तुम्ही आमच्या वडगावच्या घरी आलात ती दुपार मला अजून खटकते. मॅट्रिक पास झालेला आमच्या घरातला मी पहिलाच. आप्पा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होते. तुम्ही उंबऱ्यापाशी बसलात, आईनं दिलेलं गूळपाणी घेतलंत आणि माझ्या हाती एक बंद पाकीट ठेवलंत. "धारवाडच्या कॉलेजात माझे एक स्नेही प्रोफेसर आहेत. नाव घालायच्या आधी हे त्यांना दे. काय शिकायचं ते तेच सांगतील." तुमची पाठ वळते न वळते तोच आप्पांनी धोटा थांबवला. "ह्या मास्तराचं आपल्यापाशी काय अडलंय रं?" मलाही तेच वाटत होतं. उगाच कोणी आपलं भलं करतं, हे आमच्या घराला ठाऊकच नव्हतं. शिवाय तुमचा पुतण्या माझ्याच वर्गात होता आणि तोही सायन्स घ्यायला धारवाडलाच निघाला होता.

सुताचा गठ्ठा सोडून बघितल्याशिवाय आप्पा कधी घरात घेत नसत. "मग ह्येच का बंद घ्यायचं?" म्हणाले. मी चुलीवरच्या आधणाच्या वाफेवर पाकीट धरलं आणि उघडलं. आत तुमच्या बारीक अक्षरातलं इंग्रजी. मी मोठ्यानं मराठी करून सांगत गेलो. मुलगा कष्टाळू आहे, पण गणितात कच्चा आहे. डॉक्टर व्हायचं म्हणेल, कारण शिकलेला मोठा माणूस म्हणून त्यानं तेवढा एक डॉक्टरच पाहिला आहे. सायन्सला घालू नका, इतिहासाला घ्या.

"बघितलास? पुतण्या डाक्टर, आन् तू राजाराणीच्या गोष्टी वाचत बस." माझं तर डोकंच फिरलं. तोंडावर शाबासकी देणारे तुम्ही पाठीमागे असं लिहिता! कागद तसाच कोंबला, ताण्याच्या सुताला लावायची पिठाची खळ बोटावर घेतली आणि पाकीट पुन्हा चिकटवून ट्रंकेत टाकलं. धारवाडला मी एकटाच गेलो आणि सायन्सला नाव घातलं.

इंटरला दोनदा आपटलो. दुसऱ्या खेपेला तुम्ही शहापूरच्या बाजारात भेटलात, फार वाळला होतात. मी सायन्स घेऊन आपटल्याचं तुमच्या कानावर आलं होतं. "ते पत्र दिलं होतंस ना?" तुम्ही विचारता आणि मी म्हणतो, "व्हय सर, दिलं की." तुम्ही हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेता. मग, "म्हणजे माझ्या शब्दाला तिथं किंमत उरली नाही म्हणायची." महिन्याभरात तुम्ही गेल्याचं कळलं.

पुढच्या वर्षी मी इतिहास घेतला आणि पास होत गेलो. पण तुमचा पुतण्या खरोखरच डॉक्टर झाला, आणि तेवढ्या आधारावर माझा संशय कितीतरी वर्षं तग धरून राहिला. तुमचं बरोबर होतं हे कळूनही मी म्हणायचो, असेलही, पण हेतू?

आता निपाणीत मीच मास्तर आहे. परवा एका पोरीच्या बापाला, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला, तिला पुढं शिकवा म्हणून सांगायला गेलो. त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "तुमचं काय अडलंय मास्तर ह्यात?" मी आलो तसाच परत फिरलो. घरी येऊन ट्रंक उपसली. खळीच्या वासानं कसर लागली होती आणि निम्मं पत्र खाऊन झालं होतं. उरलेला तुकडा उलटा केला तर मागच्या बाजूलाही तुमची शाई. चार अक्षरं, तीही अर्धवट. लुगडं उलटं करून बघितल्याशिवाय माल पसंत न करणारे आम्ही, त्या दिवशी रागाच्या भरात कागद उलटवायचंच विसरलो होतो.

सर, तुमच्या शब्दाला किंमत होती. मीच तो पोचू दिला नाही. मला फार लाज वाटते. हे पत्र टाकायचं तरी कुठल्या टपालपेटीत, म्हणून इथंच ट्रंकेत, तुमच्या तुकड्याशेजारी ठेवतो. त्या मागच्या बाजूला माझ्याबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं होतंत, असं मी आजपासून धरून चालणार आहे. न बघता काही खरं मानायची माझी ही पहिलीच वेळ, आणि अजून ते नीट जमत नाही.