दुखलं तरी वाका

३ फेब्रु.
मैंदर्गीची लक्कव्वा माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकात आली. पंचेचाळिशीची, मेंढ्या राखते. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते, तिला कळतही नाही. टाचांवर उभं राहायला सांगितलं. डावं पाऊल उचललंच नाही. कंबर महिन्याभरापासून दुखतेय. घरी काय केलंत विचारलं तर हसली.
"तुमीच सांगितलं की सर, आमच्या गावात. दुखलं तरी वाका म्हनला. रोज पहाटं वाकतीय."
आठवलं. बाजाराचा दिवस, योगावरचं व्याख्यान, माईक, मी. 'वेदना म्हणजे शरीराचा आळस! दुखलं तरी वाका!' टाळ्या थांबत नव्हत्या.

४ फेब्रु.
एमआरआय आला. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसलीय. अशा कमरेला पुढे वाकवणं म्हणजे ती आणखी ढकलणं. सर्जन डॉ. क. म्हणाले, ऑपरेशन लगेच, उशीर झाला तर पाऊल असंच लोंबत राहील. निघताना हसून: "भाषणं चालू ठेवा. आमचंही दुकान चालतं."
 

क्लिनिकात मी असा योग देत नाही. पक्षाघाताच्या आजोबांना भिंतीच्या आधाराने ताडासन, हात जाईल तेवढाच वर. आधी तपासतो, मग आसन. जुन्या ग्रंथांतही कुणी काय टाळावं ते लिहिलेलं आहे. सगळं वाचलंय. स्टेजवर तेवढं गाळतो. त्याला टाळी पडत नाही.

६ फेब्रु.
लक्कव्वा ऑपरेशनला नाही म्हणते. "कापाकापी नगं. दुसरं आसन सांगा की."
या पायाला आसन पुरणार नाही, म्हटलं.
"मग स्टेजवर बोलला ते खोटं व्हय?"
योग खोटा नाही, माझं वाक्य खोटं होतं. माझं चुकलं, असं स्पष्ट म्हणालो. नवऱ्याकडे, बिराप्पाकडे, वळून म्हणते कशी, "बग, मोठी मानसं अशीच नमून बोलत्यात."
पावलाला पट्टा बांधून दिला. दुसरं काय करणार.

७ फेब्रु.
मैंदर्गीहून फोन. परवा पुन्हा व्याख्यान द्या, लोक मागच्या भाषणाचं अजून नाव काढतात. नाही म्हणणार होतो.
सौ. म्हणाली, "माईकवरचंच तिला खरं वाटतंय ना? मग माईकवर सांगा. की तिथे चूक कबूल करायला जीभ जड होते?"
जेवलो नाही. हो कळवलं.

८ फेब्रु.
लक्कव्वाला तपासलं. सहा तारखेला पायाचा अंगठा जोर लावून थोडा वर येत होता. आज नुसती थरथर.

९ फेब्रु.
मैंदर्गी. ती पुढच्या खुर्चीत, शेजारी बिराप्पा. मी सरळ सांगितलं: मागच्या वेळी इथे मी चुकीचं बोललो. पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल जड असेल तर वाकू नका. आसनं बंद करा, डॉक्टर गाठा. माझं ऐकून एका बाईचा पाय जायला आलाय.
लोकांना तो वक्तृत्वाचा नवा डाव वाटला. टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा टाळ्यांची किळस आली.
खाली उतरलो तर लक्कव्वा हळू आवाजात: "हे बोलायला कुनी लावलं सर तुमाला? त्या डाक्टरनी?"
बिराप्पाने मात्र मला बाजूला घेतलं. "आपरेशनचा दवाखाना कुटं हाय?"
पत्ता लिहून दिला. उद्या सकाळी नऊला तिला घेऊन या, म्हटलं. डॉ. क. ना फोन केला.

१० फेब्रु.
साडेअकरा. डॉ. क. चा फोन: "तुमचा पेशंट आला नाही. टेबल दुसऱ्याला देऊ का?"
दुपारपर्यंत थांबा म्हटलं. बिराप्पाचा फोन लागत नाही. सौ.ला सांगून गाडी काढतोय. तिच्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.