थिबोला माहीत असलेलं नाव

किंग्स्टन, २ मे १९८६

प्रिय लॉर्न,

आज तुझा दफनविधी झाला. वारा फार होता. नंतर चर्चच्या हॉलमध्ये सँडविच आणि कॉफी होती.

गॅस्टन थिबो आला होता. सख्ख्या भावाचा खून केलेला, आता पॅरोलवर सुटलेला. तुरुंगाचा मानसोपचारतज्ज्ञ म्हणून एकोणीस वर्षं दर गुरुवारी तू त्याच्यासमोर बसलास. तुझ्या पुस्तकाची अर्धी पानं त्याच्यावर आहेत.

त्याला पाहून माझी बहीण फ्लोरा कुजबुजली, "सुऱ्या उचलून ठेवू का गं?"

त्याने ते ऐकलं. "राहू द्या बाई. सँडविच कापलेलीच आहेत."

मग तो माझ्याकडे आला. "मॅडम, आता डॉक्टर रोझलिनजवळ असतील."

"कोण रोझलिन?"

तो गडबडला. "तुमची मुलगी. जन्मतःच गेली ती. डॉक्टरांनीच नाव ठेवलेलं ना?"

आपण तिला नाव दिलंच नव्हतं. नको, विसरायला जड जाईल, असं तूच म्हणाला होतास. कैद्याला स्वतःबद्दल एक शब्दही सांगायचा नाही, हे तू हाताखालच्या डॉक्टरांना शिकवायचास. तो नियम तू तुरुंगात मोडलास आणि घरी पाळलास.

तू दुसऱ्या बाईकडे जात असतास तर मी भांडले तरी असते. या माणसाचा मला हेवा वाटतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

"अजून सांगू?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं.

घरी येऊन ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. त्याच्या तोंडी जितकं सहज आलं, तितकं माझ्या तोंडी येत नाही.

आता दोन बटाटे सोलून उकडायला ठेवते.

मर्ना