लोंबती तार आणि तोरण

आर्णी, १४ ऑक्टोबर १९६२

फार दिवस पानं कोरीच ठेवली, चुकलंच. आज मात्र घरात वीज आली! पण माजघरातल्या दोन दिव्यांमधली तार छताखाली लोंबत होती, आणि सौ.ने तिच्यावरच आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं.

ओझ्याने तार तुटून कुणाला झटका बसेल म्हणून मी ते उतरवलं. "आयती दोरी टांगली हाये, मंग तोरण काहून नाही?" ती रुसली.

वायरमनने तुळईला लाकडी पट्टी ठोकून तार क्लिपांनी पक्की बसवली. तोवर मी दिवा लावू दिला नाही. फार ताणलं का? पण ती लोंबती तार...

संध्याकाळी दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पट्टीकडे बघत.

"अवो, दिवा तिकडे हाये!" सौ. खळखळून हसली. रुसवा गेला.

उद्या: तोरणासाठी वेगळी सुतळी बांधून देणे.