नाक गेलेला शिपाई

आबा, तुमची लेक आज भर दुपारी सहा तऱ्हेच्या दारूसमोर मांडी घालून बसली होती, आणि घरातल्या एकानंही तिला ऊठ म्हटलं नाही. तुम्ही असता तर पंचनामाच केला असता. घाबरू नका, प्याले नाही, नुसता वास घेतला. पण त्या वासापायी जे कळलं ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हणून नातीला म्हटलं, सगळं सोड आणि कागद घे. मला अक्षर येत नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे. मी बोलते, ती लिहिते. मधूनमधून हसते, तेवढं लिहीत नाही.

साठ-पासष्ट वर्षं सांगायचं राहिलं ते आधी सांगून टाकते. तेरला नदीकडेच्या त्या एकट्या बाईच्या घरी मी तुमच्याशी खोटं बोलले. वास आला होता, आबा. मी न्हाय म्हणाले, आणि त्यापायी तुमची नोकरी गेली. हे पोटात ठेवून मी लग्न केलं, पोरं वाढवली, तुम्हांला शेवटचं पाणी पाजलं, पण तोंड उघडलं नाही.

आता आजचं ऐका. नात आणि तिचा नवरा, आमचे जावईबापू, पुण्याहून आले ते बर्फाच्या खोक्यात बाटल्या घेऊन. चार तिकडच्या लहान लहान कारखान्यांतल्या, क्राफ्ट बीअर म्हणतात तिला, आणि दोन यांनी स्वतः घरी केलेल्या, आपल्याच रानातल्या ज्वारीला मोड आणून. मी म्हटलं, "अगं सटवे, घरात दारू काढलीस? परवाना हाय का? शिपायाची लेक हाय म्या, आत्ता साहेबाला वर्दी देते." तर म्हणते, "दे, पण आधी नंबर काढायला बस." सहा पेले मांडले, कोणत्यात काय आहे ते कळू नये म्हणून बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि दोघं आपापली वही घेऊन गुण द्यायला बसले. रंगाला गुण, फेसाला गुण, गिळल्यावर जिभेवर मागं काय उरतं त्याला गुण! मी आ करून बघत राहिले. ज्याच्यासाठी तुम्ही लोकांचे उकिरडे उकरत होता, ज्याच्यासाठी बाया पदरात तोंड लपवून गाडीत बसायच्या, ते आमच्या माजघरात शाळेतल्या पोरासारखं पास-नापास होत होतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, आणा इकडं. पहिल्यात संत्र्याची साल, वर कोवळ्या आंब्याचा चीक. दुसऱ्यात पिकलेलं केळं आणि मागून लवंग. तिसऱ्यात करपलेली भाकरी, त्यावर कुणी कॉफी सांडलेली. चौथी सोडून द्या, ती नुसती मिरवायला आली होती. पाचवी हुंगली आणि म्हटलं, "ही तुमची. आणि ज्वारी ओल्या गोणपाटात लई वेळ ठिवली, एक दिस आधी काढायची व्हती." नातीनं पेला उचलून बुडाची चिठ्ठी बघितली आणि माझ्याकडं असं बघायला लागली की मला माझीच भीती वाटली. सहावीत तिनं गूळ घातला होता. तो पेला नाकाशी आला आणि मी तेरला होते.

माय तापात गेली त्याच तापातून तुम्ही उठता, आणि मला सांगता, "माझं नाक मेलं गं. खात्यात कळलं तर काढून टाकतील. आता तूच माझं नाक." मी नऊ-दहा वर्षांची. दारूबंदीच्या शिपायाचं नाक म्हणून मी गावोगाव हिंडते, ईटला, अणदूरला, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून. गूळ आणि बाभळीची साल पाण्यात आंबत ठेवलेला रांजण कुठं पुरलाय, ते मी दारातून सांगते, आणि तुम्ही पहार घालता. लोक म्हणायचे, शिपायाची पोर न्हाय, कुत्रं हाय. मी खूश व्हायचे.

त्या दिवशी तेरला तुम्ही मागं परसात गेलात आणि त्या बाईनं मला जवळ ओढलं. "अगं, कवापास्नं इचरलं न्हाय केसाला? माय न्हाय व्हय तुला?" तिनं तेल ओतलं, गुंता सोडवायला लागली. माय गेल्यावर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. तेलाच्या वासाखालून तो दुसरा वास येत होता, उकिरड्याकडून, स्पष्ट. तुम्ही दारात येऊन विचारता, "काय गं, येतंय का?" तिचा हात माझ्या केसांत थांबतो. मी म्हणते, "न्हाय आबा. शेणाचाच वास हाय." तुम्ही जरा वेळ उभे राहता. मग तिला म्हणता, "बाई, शेण लई दिसाचं झालंय. आजच्या आज रानात टाकून द्या." आणि मला दांडीवर बसवून निघता. माझी वेणी घट्ट बसली होती.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः गेला आणि तिच्या उकिरड्यातून तीन रांजण निघाले. काही सापडलं नाही असं तुम्ही लिहून दिलेलं. खाल्लेस किती, म्हणून साहेबानं चारचौघांत विचारलं, तेव्हा तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "साहेब, तापापासून मला वासच येत नाही." पट्टा काढून घेतला. त्यानंतर तुम्ही मरेपर्यंत तेलघाण्यावर पोती उचललीत. मला शब्दानं बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "उद्यापास्नं तू घरी ऱ्हा."

हे सगळं सहाव्या पेल्यात होतं, आणि मी तो खाली ठेवत होते, तेवढ्यात मला दिसलं की जावईबापूंची वही कोरी आहे. आपल्या वाटचे साही पेले रिकामे केलेत, आणि गुण एकालाही नाही. मी टोमणा मारला, "काय हो, मास्तर, पेपर तपासायचे राहिले?" बिचारा म्हणाला, "आजी, कोरोनात माझं नाक गेलं ते आलंच नाही. मला सगळ्या सारख्याच. कडू पाणी, जास्त कडू पाणी. नाक गेलं की चवही जाते. परवा भाजी आंबली होती, मी दोन वेळा वाढून घेतली. हिनं ताट ओढलं तेव्हा कळलं."

आबा, मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

त्या तापानंतरही तुम्ही वाड्याच्या फाटकातून सायकल आत घालताना ओरडायचात, "अगं, दूध लागलंय खाली, उतरव!" पहिल्या घासाला सांगायचात की आमटीतला येसूर मसाला मागच्या वर्षीचा आहे. शेजारणीनं दिलेलं ताक न पिताच परत धाडायचात, पितळेच्या भांड्यात कळकलंय म्हणून. माझ्या हातचं बेसन करपलं तर अंगणातून हाक. नाक मेलेला माणूस! आणि मी, गावभराचे रांजण हुडकणारी, माझ्या घरातलं एवढं मला कधी हुंगता आलं नाही.

नात म्हणाली, "आजी, काय झालं? पांढरी पडलीस." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पणजोबांना वास येत होता. मग तुला कशाला न्यायचे?" मीच उत्तर दिलं. माय नव्हती, घरी ठेवायला कुणी नव्हतं, आणि सरकारी कामावर पोर घेऊन फिरतो म्हटलं तर मी ओझं झाले असं मला वाटलं असतं. म्हणून मला काम दिलंत. आणि त्या दिवशी दारात उभे राहून तुम्हांलाही तोच वास येत होता. माझं तेल लावलेलं डोकंही दिसत होतं. शेण आजच्या आज टाका, हे तुम्ही तिला का म्हणालात, ते आज कळतंय. तिला कळलं असेल, पण एकट्या बाईला तीन भरलेले रांजण एका दिवसात कुठं हलवता येतात? साहेबासमोर नाक मेल्याचं सांगितलंत, नाहीतर त्या बाईला का सोडलं हे त्यानं बरोबरच्या पोरीला, मला, विचारलं असतं.

नात विचारते आहे, हे कुठं धाडायचं. धाडायचं कुठंच नाही, तिच्या गुणांच्या वहीत राहू दे. एवढंच आणखी लिही म्हटलं. आबा, तुमची नोकरी घालवली म्हणून मी आयुष्यभर मनात कुढले, ते खरं. पण त्याच्या तळाशी मला थोडी ऐटही होती, की खात्याचा अख्खा शिपाई नऊ वर्षांच्या पोरीनं फसवला. आज ती ऐट गेली, आणि लाज वाटते सांगायला, पण मला ती गेल्याचंच जास्त वाईट वाटतंय.