डावा पाय, उजवा पाय

३ जानेवारी

पाय घासायची वजरी काढून घेतली! पुनमनं! माझी नात, सातवा महिना, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली, अन् मलाच दटावती. "आजी, पाय सोलून काढतीस का?"

दोन्ही नडग्यांवर चट्टे हायेत — लाल, वरून पांढरा कोंडा. रोज घासून काढते, रोज पुन्हा येतो. मळ असता तर इतक्या वर्षांत सरला असता न्हाई का!

घाई कशाची ते तिला न्हाई सांगितलं. पाटावर पाय पसरून या गल्लीतली किती लेकरं मी नडग्यांवर घेऊन न्हाऊ घातली. आता तीन वर्षं झाली, कुणी बोलवत न्हाई. तोंडावर कोण बोलतंय? पण कळतं. पुनमचं बाळ तरी माझ्याच पायांवर न्हावं.

६ जानेवारी

पुनमनं नांदेडला नेलं. कातडीची डॉक्टरीण नाझनीन — आपल्या भोकरच्या जलीलभाई बांगडीवाल्याची नात निघाली! जलीलभाईनं माझ्या लग्नात चुडा भरला, एक बांगडी पिचली तर मी केवढी रडले होते. असो.

रोगाचं नाव सोरायसिस. तीनदा खोडून लिहिलं.

मी विचारून विचारून पोरीला दमवलं. हे येतं कुठून? "आतून, आजी. घाण न्हाई ही. नवी कातडी लई घाईनं तयार होऊन राहिली." दुसऱ्याला लागतं? "न्हाई." लेकराला? "शिवल्यानं कुणालाच न्हाई." कायमचं जाईल? "तसं न्हाई सांगत. पण ताब्यात राहतं." खरं बोलली, म्हणून आवडली.

रात्री मलम. आंघोळ झाली की ओल्या अंगावरच व्हॅसलीन. अन् वजरी बंद — घासलं की तिथंच नवं उठतं म्हणे!

घासून उठतं? पटलं न्हाई.

७ जानेवारी

वजरी सापडली. पिठाच्या डब्यामागं. ठरवलं — मलम, व्हॅसलीन दोन्ही पायांना. वजरी नुसती उजव्याला. बघू कोण खरं!

२ फेब्रुवारी

डावा पाय मऊ! कोंडा न्हाई, नुसते गुलाबी डाग. उजवा होता तसाच, वर एक नवा चट्टा — मागं जोरात घासलं तिथंच! डॉक्टरीण पोरगी खरी, मी खोटी. लई आनंद झाला. हरून एवढा आनंद कुणाला होतो का?

रामकिशनला दोन्ही पाय दाखवले. लेक म्हणला, "माय, पाय हायेत का सोयाबीनचं वावर? अर्ध्याला औषध, अर्ध्याला न्हाई!"

वजरी उकिरड्यावर.

२१ मार्च

पोरगी झाली! दोघी बऱ्या. मुठी आवळून भांडायलाच आल्यावानी झोपली हाय.

२३ मार्च

उजवा पायही बराच निवळला. पण लातूरहून पुनमच्या सासूचा, उमाबाईचा फोन. "वाईट वाटून घेऊ नका गुणाबाई, पण तुमच्या पायांवर नको. कातडी कोवळी असते." मी डॉक्टरीणबाईचं सगळं सांगितलं. "डॉक्टर काय, म्हणतेतच."

रामकिशन तापला. मी म्हणलं गप, पोरीला नांदायचं हाय. न्हाऊ घालायला बाई लावली.

२४ मार्च

बाई न्हाऊ घालत होती. मी दारात टॉवेल धरून उभी.

२ एप्रिल

उमाबाई बारशाला आल्या. बाई नेमकी आली न्हाई, पाणी तापून राहिलेलं. मी म्हणलं, मग आजीच्या हक्कानं तुम्हीच बसा पाटावर. बसेनात. त्यांनीच पुनमला बाहेर पाठवलं, दार लोटलं अन् स्वतःची साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली.

तेच चट्टे! माझ्याहून जास्त.

"सोळा वर्षं झाली. धाकट्या लेकाला, मृत्युंजयलासुद्धा दाखवले न्हाईत. थोरल्याची दोन लेकरं वाढली घरात — एकाला पायांवर घेतलं न्हाई, भीतीनं."

मी म्हणलं, पाय पसरा.

बाळ त्यांच्याच पायांवर ठेवलं. पाणी मी घातलं.