कमानीला माझा विरोध

४ ऑगस्ट
आजपासून स्वतःच्या डोक्यानं विचार करायचा. फायनल. गाव एकमतानं स्वागत-कमान बांधायला निघालंय, वणीहून कारागीर येणार. इकडे अर्पिताच्या अंगणवाडीचं छत गळतंय. बायकोच अंगणवाडी सेविका असल्यामुळे मला गळतीची आतली माहिती आहे. पोरं पोत्यावर बसतात, तीही ओली. निधी एकच. आधी छत व्हायला पाहिजे, हे अख्ख्या गावात फक्त मला सुचलं. अर्पिता दोन वर्षांपासून हेच म्हणतेय, पण तिचा अँगल वेगळा.

६ ऑगस्ट
सलूनमध्ये सहज म्हणालो, कमान थोडी बुटकी केली तर? घनश्यामनं वस्तरा थांबवला. अर्धी दाढी बाकी. बाकावरचे तिघं एकदम म्हणाले, काहून, तुले गावाचा विकास नको काय? मी म्हणालो, बुटकी म्हणजे भक्कम, या अर्थानं. मग उरलेली दाढी झाली. लोकांना वेगळा विचार झेपत नाही, वाईट वाटतं.

९ ऑगस्ट, सकाळी
गावाच्या ग्रुपवर मेसेज: काही लोकं गावाले मांगं ओढून राह्यले. नाव नाही. मीही अंगठा टाकला. समोरच्याला गाफील ठेवणं ही स्ट्रॅटेजी. अर्पिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुमी ग्रामसभेत बोलसान ना नक्की, मायं तं कोनी ऐकत नाही. म्हटलं, बघच तू.

१५ ऑगस्ट
ग्रामसभा. सरपंच सदाशिवरावांनी विचारलं, कोनाचा विरोध हाय काय? मी उभा राहिलो. एकटाच. सगळं गाव वळून बघायला लागलं. सरपंच म्हणाले, बोल ना भाऊ. मी म्हणालो, पंखा जरा इकडे फिरवा. लगेच फिरवला. म्हणजे माझ्या शब्दाला वजन आहे. ठराव एकमतानं पास. घरी अर्पिता माझं ताट वाढून सरळ झोपायला गेली. दमली असावी.

१८ ऑगस्ट
ग्रामसभा हे व्यासपीठच चुकीचं होतं. आता पोळ्याला बोलणार. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात; झडतीत कुणालाही चिमटा काढता येतो, पुढाऱ्यालाही ऐकून घ्यावं लागतं. नाव देऊन आलो. दोन ओळी लिहिल्या. अर्पितानं दुरुस्त केल्या. आता दोन्ही ओळी तिच्या आहेत, पण आवाज माझा.

२२ ऑगस्ट, पोळा
घसा बसला. सकाळी ठीक होता. तोरणाखाली माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून अर्पिता पुढे आली आणि खणखणीत म्हणाली:

कमानीले लायटिंग, अंगणवाडीले गळती,
खरं बोलाले गावात जीभ कोनाची वळती?

झडती संपली की सगळे हर हर महादेव म्हणतात, तेही कुणाला सुचलं नाही. मग सगळे तिच्यावर तुटून पडले. बाया कधी झडती म्हनते काय, हिले कोनं शिकवलं? सदाशिवरावांनी माझ्याकडे पाहिलं. अर्पितानंही पाहिलं.

घसा मोकळा झाला. मी जाहीर सांगितलं, हे विचार माझे नाहीत.

सगळ्या गावाला पटलं. अर्पितालासुद्धा.