तळ्याच्या तळची काळी माती

देवळाली प्रवरा,
१४ ऑक्टोबर १९७१

विजूअक्का,

तुझ्या लग्नानंतर परसात घाणेरी इतकी माजली की तुझं तळं दिसेनासं झालं होतं. बी.ए.चा निकाल लागल्यावर मी परस साफ करायला घेतलं. पंधरा दिवस एकटी खपले. तरी आप्पा येईल त्याला सांगायचे, "हे आमच्या विजूचं तळं."

मग मी गाळ उपसायला उतरले. शेजारच्या राहीबाई काठावरून म्हणाल्या, "आगं, तळची काळी माती ऱ्हाऊ दे. पानी धरून ठेवाया तुज्या अक्कानं पायानं तुडवून बसवलीय ती." ते ऐकलं आणि मी मुरूम लागेपर्यंत खोऱ्याने खरवडत राहिले.

आता सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरून जातं. आप्पा हसतात, "पुस्तकवाल्या बाईला काय ठावं!" सगळ्यांना वाटतं, मला कळलं नाही. मला कळलं होतं, अक्का. तुझे पाय मला तिथे नको होते.

तुला वाचता येत नाही. हे पत्र भावजी मोठ्याने वाचतील, म्हणून ते पेटीतच ठेवते. पोस्टात टाकायच्या कार्डावर एवढंच लिहिलं आहे: तळं गळतंय, चार दिवस ये.

तुझी,
हिरा